कपडा अंगावर नीट बसतो म्हणजे नेमकं काय होतं?

सणांच्या सेलमध्ये तीन कंपन्यांचे तीन कुर्ते मागवावेत, तिन्हींवर ‘एम’ लिहिलेलं असावं, आणि घरी घालून बघितल्यावर एकाचा खांदा दंडावर उतरावा, दुसरा काखेत काचावा, तिसरा छातीला बरोबर बसून सीटवर, म्हणजे नितंबांवर अडकावा, हे आता घरोघरी होतं. परतीचं पार्सल बांधताना बहुतेक जणी स्वतःलाच बोल लावतात. पोट सुटलंय, दंड जाड झालेत, आपल्याला काही शोभतच नाही. चूक कपड्याची असेल असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. मला याचंच जास्त वाईट वाटतं, कारण पुष्कळदा चूक कपड्याचीच असते.

ही अडचण सरकारदरबारीही पोचलेली आहे. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट ही फॅशन शिकवणारी सरकारी संस्था यांनी ‘इंडियासाइझ’ नावाचा प्रकल्प हाती घेतला, त्याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. दिल्ली, मुंबई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद आणि शिलाँग या सहा शहरांत १५ ते ६५ वयोगटातल्या २५ हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची मापं त्रिमितीय स्कॅनरने घ्यायची आणि त्यावरून भारतीय अंगाला लागू पडेल असा साइजचा तक्ता करायचा, अशी ही योजना. एवढा खटाटोप कशासाठी, आजवर चाललं होतंच की, असं कुणी म्हणेल. चाललं होतं, कारण गल्लीत टेलर होता. तो प्रत्येकीचं माप वेगळं घ्यायचा. आता कपडा आधी शिवला जातो आणि अंग नंतर त्यात बसवावं लागतं.

साइज येतो कुठून?

रेडिमेड कपड्यांची कंपनी साधारणपणे आधी एका मधल्या मापाच्या बाईच्या अंगावर नमुना बसवून घेते. तो नीट बसला की त्यावरून बाकीचे साइज काढतात. वरच्या साइजला छाती, कंबर, सीट सगळीकडे ठरावीक इंच वाढवायचे, खालच्या साइजला तसेच कमी करायचे. याला ग्रेडिंग म्हणतात. म्हणजे ‘डबल एक्सएल’चा कुर्ता हा पुष्कळदा ‘एम’च्या बाईचाच कुर्ता असतो, चहूबाजूंनी वाढवलेला.

अंग असं सगळीकडून सारखं वाढत नाही. चार माणसांच्या आमटीची चाळीस माणसांची करायची तर डाळ दहापट घेतो, पण मिरची आणि फोडणीचं तेल कुणी दहापट घालत नाही. शरीराचंही तसंच आहे. वजन दहा-पंधरा किलोंनी वाढलं की पोटाचा आणि सीटचा घेर बराच वाढतो, पण खांद्याची रुंदी हाडांनी ठरवलेली असते, ती जवळजवळ तेवढीच राहते. मोठ्या साइजच्या कपड्यात मात्र खांदाही रुंद केलेला असतो. म्हणून पोटाला बसणारा कुर्ता खांद्यावरून ओघळतो, पुढे झुकलं की गळा खाली पडतो, आणि बाईला उगाचच वाटतं की आपण जाड दिसतोय. प्रत्यक्षात तिच्या खांद्यावर दुसरीच्या खांद्याचं कापड आलेलं असतं.

मूळ तक्ते कुणाच्या अंगावरून आले, हेही बघण्यासारखं आहे. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी अमेरिकेच्या कृषी खात्यासाठी जवळपास १५ हजार स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापं गोळा करून १९४१ मध्ये अहवाल काढला. त्यात फक्त गोऱ्या स्त्रियांची मापं धरली होती. १९५८ मध्ये तिकडे साइजचं अधिकृत मानक आलं आणि १९८३ मध्ये ते मागेही घेतलं गेलं. त्यानंतर ज्या त्या कंपनीचा तक्ता ज्याचा त्याचा झाला. आपल्याकडच्या अनेक कंपन्यांनी असेच परदेशी तक्ते थोडेफार फिरवून वापरले. स्वतःचा तक्ता हवा, हा विचार त्यातूनच पुढे आला.

आता पुण्याची एक गोष्ट सांगते. ती वैद्यकातली आहे, पण कपड्यांना तंतोतंत लागू पडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचाच शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच होता: २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडे हातपाय बारीक आणि चरबी पोटाभोवती, अशी ठेवण पुष्कळ दिसते. फक्त उंचीच्या मानाने वजन बघून साइज सुचवणारं ॲप या दोघांना एकच पँट देईल. ती दोघांनाही सारखी बसेल का, हे वेगळं सांगायला नको.

फळांची नावं किती कामाची?

‘बॉडी शेप’ म्हटलं की नाशपाती, सफरचंद, वाळूचं घड्याळ अशी नावं पुढे येतात. त्यामागचा हिशोब सोपा आहे. खांदे-छाती, कंबर आणि सीट या तीन ठिकाणांची एकमेकांशी तुलना करायची. सीट वरच्या भागापेक्षा रुंद असेल तर नाशपाती. खांदे-छाती रुंद आणि सीट लहान असेल तर उलटा त्रिकोण. कंबर छाती आणि सीटच्या जवळपास तेवढीच असेल तर आयत. पोटाचा घेर सगळ्यात जास्त असेल तर सफरचंद. वर-खाली सारखं आणि कंबर बरीच बारीक असेल तर वाळूचं घड्याळ. शेवटची ठेवण ‘आदर्श’ मानून कपडे काढले जातात, आणि खरी गोम तिथेच आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाने सहा हजारांवर स्त्रियांच्या स्कॅन केलेल्या मापांचा अभ्यास केला. त्यात या ठेवणीच्या जेमतेम ८ टक्के निघाल्या, आणि आयत ठेवणीच्या ४६ टक्के.

ही नावं दिशा कळण्यापुरती ठीक आहेत. त्यापलीकडे त्यांच्यावर भिस्त ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण ती फक्त समोरून दिसणारी आकृती सांगतात. बाजूने काय दिसतं हे त्यात येतच नाही, आणि कपड्याची अर्धी फसगत बाजूनेच होते.

टेप काय सांगते आणि काय सांगत नाही

दोन बायका घ्या. दोघींची छाती ३८ इंच. एकीची पाठ रुंद आहे आणि पुढचा भाग सपाट. दुसरीची पाठ अरुंद आणि सगळा भर पुढे. टेप दोघींना ३८ म्हणते. पहिलीला साधा सरळ कुर्ता छान बसतो. दुसरीला तोच कुर्ता पुढून ताणला जातो आणि पाठीवर सैल पडतो. कंबरेचंही तसंच. एकीचा ३४ इंच घेर दोन्ही बाजूंना पसरलेला असतो, दुसरीचा पोटावर पुढे असतो. पोट पुढे असेल तर सरळ कटाच्या कुर्त्याची पुढची कड मागच्यापेक्षा वर उचललेली दिसते, कारण पुढचं कापड पोटावरून वळसा घेऊन खाली येतं आणि तेवढं अपुरं पडतं. चांगला टेलर अशा वेळी पुढची उंची थोडी जास्त धरतो. रेडिमेडमध्ये हे कुणी करत नाही.

म्हणून माप घेताना घेरांवर थांबू नका. पाठीमागून एका खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टेप धरा. तो तुमचा खांदा. कुर्ते आणि ब्लाउज घेताना हा आकडा छातीपेक्षाही जास्त कामाला येतो. कंबर शोधायची असेल तर एका बाजूला झुका, जिथे घडी पडते तिथे दोरी बांधा. सीट मोजताना पाय जुळवून सगळ्यात भरीव जागी टेप ठेवा. बहुतेकींची ती जागा कंबरेच्या सात ते नऊ इंच खाली असते. माप घेताना आत रोजचीच पण नीट मापाची ब्रा असू द्या. सैल झालेल्या ब्रामुळे छातीचा उंचवटा इंच-दीड इंच खाली आला, तर कुर्त्याचे टक्स, म्हणजे उंचवट्याला जागा देण्यासाठी कापड चिमटीत धरून घातलेल्या शिवणी, भलत्याच ठिकाणी पडतात आणि दोष कुर्त्याला जातो. मग पूर्ण उंचीच्या आरशात स्वतःला बाजूनेही बघा.

सगळा कपडा खांद्यावर टांगलेला असतो

कुर्ता, ब्लाउज, शर्ट, जॅकेट, कशालाही हे लागू आहे. कापडाचं वजन खांदा तोलतो आणि बाकीचं खाली लोंबतं. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर आली की खालचं कापड सरळ पडतं. ती दंडावर उतरली की बाही खाली सरकते, काखेत कापड गोळा होतं आणि छाती आहे त्यापेक्षा रुंद दिसते. मुद्दाम उतरत्या खांद्याचा कट असेल तर गोष्ट वेगळी.

खांद्याइतकाच महत्त्वाचा आहे मुंढा, म्हणजे बाही जिथे धडाला जोडली जाते तो गोल. इथे बहुतेकांची समजूत उलटी असते. हात मोकळा हलावा म्हणून लोक मुंढा खोल मागतात. पण मुंढा खोल असला की हात वर करताना बाही सगळ्या कुर्त्याला धरून वर ओढते, कारण ती धडाला फार खाली जोडलेली असते. मुंढा काखेच्या जवळ असेल तर हात वर जातो आणि कुर्ता जागेवर राहतो. ट्रायल रूममध्ये एवढं एक करून बघा: लोकलमधली कडी धरतो तसा हात वर घ्या. कुर्त्याची कड दोन-तीन इंच उचलली गेली, तर तो कुर्ता तुम्हाला दिवसभर खाली ओढत बसावा लागणार.

खांदा आणि मुंढा हे दुरुस्त करायला सगळ्यात अवघड. त्यासाठी बाही उसवावी लागते, पुन्हा कापावं लागतं, आणि चांगले टेलरसुद्धा रेडिमेड कपड्यात ते करायला नाखूश असतात. उंची कमी करणं, बाजूच्या शिवणी आत घेणं, बाहीचा घेर कमी करणं ही मात्र अगदी सोपी कामं. त्यावरून खरेदीचा क्रम ठरतो: आधी खांदा बघायचा, बाकीचं अल्टर करून घ्यायचं. खांद्याला बसणारा साइज छातीला आवळ होत असेल, तर एक साइज मोठा घेऊन तो प्रश्न सुटत नाही. तिथे कटच बदलावा लागतो: प्रिन्सेस कट (छातीवरून खाली जाणाऱ्या उभ्या शिवणींचा), छातीवर टक्स असलेला, किंवा योकखाली, म्हणजे खांद्याजवळच्या जोडतुकड्याखाली, चुण्या असलेला कुर्ता. पँट-सलवारीला हाच नियम सीटपासून लावायचा. सीट आणि आसन, म्हणजे दोन पायांच्या मधला भाग, बरोबर बसू द्या, कंबर मागाहून आत घेता येते.

सुरकुत्या काय सांगतात

कपडा घालून स्थिर उभं राहिल्यावर ज्या सुरकुत्या दिसतात, त्या कुठे बिघडलंय ते दाखवतात. आडव्या आणि ताणलेल्या असतील तर तिथे कापड कमी आहे. उभ्या आणि ढिल्या असतील तर जास्त आहे. तिरप्या असतील तर त्या जिथून निघतात ती जागा बघायची. छातीच्या उंचवट्यापासून बाजूच्या शिवणीकडे तिरपी सुरकुती जात असेल, तर पुढच्या भागाला टक्सची गरज आहे. साध्या सरळ रेडिमेड कुर्त्यात टक्स पुष्कळदा नसतातच, म्हणून भरलेल्या छातीच्या बाईला ते कधीच चपखल बसत नाहीत.

ब्लाउजच्या पाठीवर मानेखाली आडवी वळी पडत असेल तर पाठीची उंची जास्त झाली आहे. ब्लाउजचा खांदा सारखा घसरत असेल तर गळ्याकडे बघा. पुढचा गळा रुंद आणि मागचा खोल, असं दोन्ही एकदम मागितलं की खांद्याची पट्टी धरून ठेवायला काही उरत नाही. एक गळा रुंद ठेवा, एक आवरा, नाहीतर मागे दोरी लावून घ्या. छाती भरलेली असेल तर कटोरी किंवा प्रिन्सेस कट घ्या, कारण त्यात उंचवट्यासाठी वेगळा तुकडा काढून जागा केलेली असते. सपाट बांध्याला चार टक्सचं साधं ब्लाउज पुरतं.

कुर्त्याचा बाजूचा कट चालताना उघडा पडत असेल, तर बहुतेक जणी ‘कट लहान करा’ सांगतात. त्याने आणखी बिघडतं. कट उघडतो कारण सीटला कापड कमी पडतंय. शिवण खाली आणली की ताण वाढतो. तिथे घेर हवा: सीटला लूज असलेला किंवा खाली पसरत जाणारा ए-लाइन कुर्ता.

‘लूज’ म्हणजे किती लूज?

अंगाचं माप आणि कपड्याचं माप यातला फरक म्हणजे मोकळीक. टेलर तिला ‘लूज’ म्हणतात. न ताणणाऱ्या कापडाच्या कुर्त्याला छातीत दोन ते चार इंच मोकळीक लागतेच, नाहीतर श्वास घेताना आणि खाली बसताना अडचण होते. ताणणाऱ्या कापडाला कमी चालते. ब्लाउजला तर अगदी थोडी.

ऑनलाइन खरेदीतला मोठा घोळ इथेच होतो. ‘एम-३८’ असं लिहिलेलं असतं, पण ३८ हे तुमच्या छातीचं माप आहे की कुर्त्याचं, हे दोन साइटवर दोन प्रकारे धरलेलं असू शकतं. कुर्त्याचं माप ३८ असेल तर तो ३५-३६ छातीच्या बाईसाठी आहे. तक्त्यात ‘बॉडी’ लिहिलंय की ‘गारमेंट’ ते आधी बघा. काहीच लिहिलं नसेल तर घरातला सगळ्यात नीट बसणारा कुर्ता पलंगावर सपाट पसरा, काखेपासून काखेपर्यंत मोजा, दुप्पट करा आणि त्या आकड्याशी ताडून बघा. त्याच कुर्त्याचा खांदा, सीट आणि उंचीही लिहून फोनमध्ये ठेवा.

मोकळीक जास्त झाली की झाकलं जातं, हा मोठाच गैरसमज आहे. तंबूसारखा कुर्ता छातीवरून सरळ खाली लोंबतो, त्यामुळे पोटही छातीइतकं पुढे आहे असं दिसतं. अंगाला चिकटवायचं नाही आणि अंगापासून फार दूरही न्यायचं नाही, एवढ्या पट्ट्यात राहिलं की पुरतं.

आडवी रेघ कुठे पडते?

कुर्त्याची कड, बाहीचं टोक, साडीचा काठ, बेल्ट, ही सगळी आडव्या रेघा ओढतात, आणि नजर तिथे थांबते. रेघ रुंद जागेवर पडली की ती जागा आणखी रुंद वाटते. कुर्ता मांडीच्या सगळ्यात भरीव जागी संपला की मांड्या जाड दिसतात. गुडघ्याच्या जरा खाली किंवा पोटरी निमुळती होते तिथे संपला तर पाय लांब दिसतात. दंड जाड वाटत असतील तर दंडाच्या मधोमध संपणारी बाही टाळा. कोपराच्या जरा वर किंवा पाऊण बाही घ्या. उंची कमी असेल तर कुर्ता आणि सलवार एकाच रंगात किंवा जवळच्या छटेत ठेवा, म्हणजे मध्ये रेघ पडत नाही. या सगळ्यात पैसे काहीच लागत नाहीत. दोन इंच कड दुमडून आरशात बघितलं तरी फरक दिसतो.

मग साडी सगळ्यांनाच कशी शोभते?

कारण ती शिवलेली नसते. निऱ्या किती घ्यायच्या, कुठे खोचायच्या, पदर किती लांब सोडायचा, हे नेसणारी स्वतः ठरवते. एकच साडी आई आणि मुलगी दोघी नेसतात, बाळंतपणाआधी आणि नंतरही तीच चालते. नऊवारीत तर परकरही लागत नाही. साइज हा प्रश्न फक्त ब्लाउजपुरता उरतो.

तरीही साडीचं एक माप ठरलेलं असतं, ते म्हणजे पन्हा, कापडाची रुंदी. तो साधारण ४५-४७ इंच असतो. उंच बाईला तो जेमतेम पायापर्यंत पुरतो. बुटक्या बाईला उरलेलं कापड कंबरेला खोचावं लागतं, आणि त्याचा जाड थर पोटावर बसतो. कडक सुती, ऑर्गेंझा किंवा जाड रेशीम असेल तर तो थर आणखी फुगतो. अशा वेळी जॉर्जेट, क्रेप, मऊ सुती बरी पडते, आणि परकराचा नाडीचा नेफा जाड नसावा. रुंद काठ खाली मोठी आडवी रेघ ओढतो म्हणून कमी उंचीला बारीक काठ सुचवतात. पण लग्नातल्या पैठणीचा रुंद काठ आवडत असेल तर जरूर नेसावा. पदराच्या निऱ्या नीट पिनअप करून उभी रेघ मिळवली की तोल सांभाळला जातो. उलट फार किरकोळ बांध्याला कडक सुती आणि मोठा काठ फारच छान दिसतो. तिथे कापडाने दिलेला भरीवपणा हवाच असतो.

‘आडवे पट्टे नकोत, काळंच घाला’ हे खरं आहे का?

आडव्या पट्ट्यांचं म्हणाल तर बऱ्याच अंशी नाही. जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८६७ मध्येच दाखवलं होतं की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उंच आणि अरुंद भासतो. ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या पीटर थॉम्पसन यांनी २०११ मध्ये हा प्रयोग कपडे घातलेल्या स्त्रियांच्या चित्रांवर केला. उभ्या पट्ट्यांइतकी रुंद दिसण्यासाठी आडव्या पट्ट्यांची आकृती सुमारे १० टक्के जास्त रुंद करावी लागली, म्हणजे आडवे पट्टे बारीक दाखवत होते. पुढे २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी पाहिलं की हा परिणाम बारीक देहावर ठळक असतो, जाड देहावर तितका नाही. तेव्हा पट्टे आवडत असतील तर घाला. अंगावर ते ताणून वाकडे होत असतील तर मात्र उंचवटा लगेच दिसतो, आणि तो दोष फिटिंगचा.

काळ्या रंगात थोडं तथ्य आहे. गडद रंगावर सावल्या आणि सुरकुत्या कमी दिसतात, म्हणून उंच-सखलपणा लपतो. पण हे काम गडद निळा, वांगी, मोरपिशी, बाटली हिरवा हे रंगही करतात, आणि आपल्या कांतीवर ते काळ्यापेक्षा खुलतात.

हे सगळं लपवायलाच शिकवतंय ना?

हा आक्षेप मला पटतो, तो जिथे लागू पडतो तिथे. ‘नाशपातीने हे घालू नये’ अशा याद्यांनी मुलींच्या मनात स्वतःच्या अंगाबद्दल खंत पेरली आहे आणि त्या याद्या मलाही नकोत. पण खांदा कुठे यावा, मुंढा किती असावा, मोकळीक किती, याचा सुंदर दिसण्याच्या कुठल्याही साच्याशी संबंध नाही. ते कपड्याचं तंत्र आहे. सीट भरलेली आहे आणि ती ठळक दिसावी असं वाटत असेल, तर याच माहितीने कंबर नेमकी धरणारा, सीटवर न ताणता पडणारा कपडा मिळवता येतो. काय दाखवायचं ते तुम्ही ठरवा. काचणारा, सरकणारा, सतत ओढावा लागणारा कपडा मात्र कुणीच सहन करू नये.

पुरुषांना हे लागू नाही का?

अगदी लागू आहे. तयार सुटात जॅकेटची छाती आणि पँटची कंबर यात बहुधा सहा इंचांचा फरक धरलेला असतो. चाळिशीनंतर पोट आलं की तो फरक दोन-तीन इंचांवर येतो आणि तयार सूट बसत नाही. शर्टाचं तर रोजचं आहे: पोटासाठी मोठा साइज घेतात, मग खांदा उतरतो आणि बाह्या बोटांपर्यंत येतात. खांद्याला बसणारा रेग्युलर किंवा कम्फर्ट फिट शोधावा, स्लिम फिटचा मोठा साइज घेऊ नये.

शिवून घेणं परवडतं का, आणि वजन कमी झालं तर?

सगळंच शिवून घ्यायची गरज नाही. कपाटातल्या ज्या चार-पाच गोष्टी आठवड्यातून दोनदा अंगावर येतात, त्यांच्यावर खर्च करा: ऑफिसचे दोन कुर्ते, एक काळी किंवा करड्या रंगाची पँट, आणि बहुतेक साड्यांवर चालेल असं एक ब्लाउज. यातला जो अगदी मनासारखा बसेल तो टेलरकडे नमुना म्हणून न्या. मापाचा कपडा दिला की टेलरशी वाद कमी होतात. बाकीचं रेडिमेड घ्या, पण विकत घेतानाच अल्टरचे पैसे किमतीत धरा. सेलमध्ये स्वस्तात मिळालेला आणि कधीच न घातलेला कुर्ता हाच खरा महाग.

‘आधी वजन कमी करते, मग चांगले कपडे घेईन’ असं म्हणून वर्षानुवर्षं ढगळ कपड्यात राहणाऱ्या कितीतरी बायका आपल्या ओळखीत असतात. आज जे अंग आहे त्यालाही नीट कपडे हवेत. त्याच अंगाने ती ऑफिसला जाते, मुलांच्या शाळेत जाते. माप बदलण्याची सोय कपड्यातच ठेवता येते, तिला टेलर ‘माया’ म्हणतात: शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड. शिवायला टाकताना ब्लाउजला दोन्ही बाजूंनी किमान इंचभर माया ठेवायला सांगा आणि अस्तरालाही तेवढीच, नाहीतर कापड सुटतं आणि अस्तर अडतं. रेडिमेड कुर्ता घेताना आतली शिवण उलटून बघा. ओव्हरलॉकच्या, म्हणजे धागे सुटू नयेत म्हणून घातलेल्या टाक्यांच्या, कडेला अर्ध्या इंचापेक्षा कमी कापड असेल तर तो कधीच मोठा करता येणार नाही, फक्त लहान करता येईल. वजन वर-खाली होत असेल तर नाडी किंवा मागे इलॅस्टिक असलेल्या पँट घ्या आणि एका मापात अडकलेल्या जीन्सवर कमी खर्च करा.